सतरा फुटी चाकाचा टांगा

एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात एक लोहार राहतो. घोडागाडीच्या लाकडी चाकावर तो लोखंडी धाव चढवतो आहे. २७ अंश सेल्सिअसला चाकाचा व्यास ५.२४३ मीटर आणि धावेचा ५.२३१ मीटर. धाव किती तापवली म्हणजे ती चाकावर बसेल? लोखंडाचा प्रसरणांक ठाऊक असतो, सूत्र एका ओळीचं असतं, उत्तर येतं २१८ अंश. मुलं उत्तराखाली दोन रेघा मारतात आणि पुढच्या गणिताला लागतात.

त्या चाकाकडे मात्र कुणी बघत नाही. ५.२४३ मीटर म्हणजे सतरा फुटांच्या वर. मुंबईची दुमजली बस शेजारी उभी केली तर बस ठेंगणी दिसेल. आस जमिनीपासून साडेआठ फुटांवर, म्हणजे गाडीत चढायला शिडी हवी. आणि घोडा जुंपायचाच म्हटलं तर बिचारा दांड्यांना लोंबकळतच गावाला जाणार.

आता हेच आकडे मीटरऐवजी फुटांत वाचा. सव्वापाच फुटी चाक, टांग्याला शोभेल असं. आणि गंमत अशी की उत्तर तसूभर हलत नाही. सूत्राला लागतं ते दोन व्यासांचं गुणोत्तर. फूट घ्या, मीटर घ्या, वीत घ्या, धाव २१८ अंशांनाच बसणार. चाक केवढं आहे याच्याशी निसर्गाला कर्तव्य नाही आणि विद्यार्थ्यालाही नाही. निसर्गाचं एक वेळ समजू शकतो.

आमच्या सोसायटीत भौतिकशास्त्राची पदवी असलेला मी एकटाच. ही पदवी पुढे पोटापाण्यासाठी मी कधी वापरली नाही, पण इमारतीत एकदा नाव झालं की ते पुसत नाही. युनिट टेस्टच्या आदल्या संध्याकाळी अकरावीतली मुलं वह्या घेऊन येतात. दहावीला नव्वदच्या घरात गुण मिळवलेली, अजून पेढ्यांचा वास न गेलेली मुलं. राज्य मंडळाच्या या मुलांना तापमान आणि विद्युत क्षेत्र ही दोन्ही प्रकरणं अकरावीतच भेटतात आणि दोन्ही मिळून तो वास घालवतात.

यांची पद्धत ठरलेली. प्रश्न वाचायचा नाही, वेचायचा. त्यातले आकडे उचलून डावीकडे ‘दिलेले’ म्हणून मांडायचे, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर द्यायचं आणि नेमकी तीच अक्षरं असलेलं सूत्र शोधायचं. पत्रिका जुळवतात तसं. अक्षरं जुळली की लग्न लागलं, मुलगा काय करतो ते कुणी विचारत नाही. आता अक्षरं सव्वीसच आणि राशी शेकड्यांनी. लहान सी म्हणजे विशिष्ट उष्मा, तोच दुसरीकडे प्रकाशाचा वेग. मोठा सी म्हणजे धारकता, अंशाच्या चिन्हापुढे सेल्सिअस आणि आकड्यापुढे कुलोम. ई म्हणजे विद्युत क्षेत्र, पण ऊर्जाही तीच. टी म्हणजे तापमान, दोरीतला ताण आणि लंबकाचा आवर्तकाल. त्यामुळे कधीकधी लंबकाला ताप येतो.

दुसरं दुखणं २७३ चं. सेल्सिअसचं केल्विन करायचं तर २७३ मिळवायचे, ही गोष्ट मुलांच्या मनावर इतकी बिंबलेली असते की कुठेही अंश दिसला की हात आपोआप २७३ मिळवतो. पाणी ३० अंशांवरून ८० अंशांवर नेलं, तापमानातला फरक ५०. इथे मिळवायचं काहीच नसतं, कारण केल्विनचा एक अंश आणि सेल्सिअसचा एक अंश सारखाच मोठा. शून्य तेवढं वेगळ्या जागी. पण मुलगा ५० मध्ये २७३ मिळवून ३२३ करतो आणि चहाचं आधण ठेवायला साडेसहापट गॅस जाळतो. याच्या उलट एक सोशिक वर्ग असतो. तो आधी ८० चे ३५३ करतो, मग ३० चे ३०३ करतो, वजाबाकी करतो, ५० आले की समाधानाने मान डोलावतो. या मुलांना मी काही बोलत नाही. यांचं पुढे सरकारी खात्यात चांगलं चालेल.

फॅरनहाइटच्या बाबतीत तर हा आजार अख्ख्या घराला असतो. आपल्याकडे ऊन सेल्सिअसमध्ये पडतं आणि ताप फॅरनहाइटमध्ये येतो. आज पारा ४२ वर म्हणजे बाहेर पडू नका, आणि बाळ १०२ वर म्हणजे डॉक्टरकडे चला. दोन्ही आकडे एकाच घरात सुखाने नांदतात. कुणी त्यांची ओळख करून देत नाही आणि त्यांचंही काही अडत नाही. अडतं ते सूत्र आठवल्यावर. ‘ताप दोन अंशांनी वाढलाय, म्हणजे सेल्सिअसमध्ये किती?’ असं एका आईने अकरावीतल्या लेकाला विचारलं. लेकाने दोनातून ३२ वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं आणि उणे १६.७ असं उत्तर दिलं. फरक काढताना ३२ चा संबंध येत नाही, दोन अंश फॅरनहाइट म्हणजे १.१ अंश सेल्सिअस, हे त्याला नंतर पटलं. पण तेवढ्या वेळात धाकटी बहीण कागदावर का होईना, डीप फ्रीजमध्ये जाऊन आली होती.

या मोजपट्ट्या ज्यांनी केल्या ती माणसंही काही कमी नव्हती. फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपली मोजपट्टी जाहीर केली तेव्हा शून्य ठरवलं बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणावरून, आणि माणसाच्या अंगाची ऊब धरली ९६. पुढे ती मोजपट्टी बेतून घेताना ठणठणीत माणूस ९८.६ वर जाऊन बसला. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये शंभर अंशांची मोजपट्टी मांडली खरी, पण उलटी. पाणी उकळतं तिथे शून्य आणि गोठतं तिथे शंभर. १७४४ मध्ये तो वारला आणि मागच्यांनी मोजपट्टी सुलटी केली. केली नसती तर ४५ अंशांचं नागपूर ५५ वर असतं आणि १५ अंशांचं महाबळेश्वर ८५ वर. नागपूरकरांना मे महिन्यात पुण्यामुंबईच्या नातेवाइकांना फोन करून मोठा आकडा ऐकवण्याचं जे एक सुख उरलं आहे तेही गेलं असतं. उणे ४० ला मात्र सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच आकडा दाखवतात. मुलांना हे आवडतं आणि कधी उपयोगी पडणार नाही असं त्यांना वाटतं. पडतं. सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा मिश्रणाचं गणित घेऊन आला होता. ९० अंशांचं पाच लिटर पाणी आणि २५ अंशांचं दहा लिटर पाणी एकत्र केलं तर तापमान किती? गरम पाण्याने गमावलेली उष्णता बरोबर गार पाण्याने कमावलेली उष्णता, एवढंच तत्त्व. त्याने दोन्ही बाजूंना अंतिम तापमानातून मूळ तापमान वजा केलं. एका बाजूचं चिन्ह उलटं हवं, हे राहिलं. बाकी बेरीज, गुणाकार, अक्षर, सगळं सुरेख. उत्तर आलं उणे ४०.

“काका, बरोबर आहे ना?”

“अरे, उकळतं पाणी आणि नळाचं पाणी एकत्र केलं की बर्फ होतो का?”

त्याने वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, “फॅरनहाइटमध्ये काढायचं होतं का?”

मी म्हटलं, काढ. तेवढंच येईल.

खरं उत्तर ४६.७. अंगाला चटका बसेल असं पाणी. मी त्याला विचारलं, घरी आंघोळीचं पाणी कोण काढतं? म्हणाला, गीझर आहे. इथेच सगळं बिघडलं. बंबाच्या काळात हे गणित घराघरात रोज सुटायचं. कढत पाण्यात विसण किती घालायचं याचा अंदाज आजीच्या हाताला असायचा. ती बादलीत हात फिरवायची, ‘अजून एक तांब्या’ म्हणायची, आणि दिवाळीच्या पहाटे कुडकुडणाऱ्या दहा माणसांचं पाणी एकसारखं निघायचं. कागदावर काढून बघा. ९० अंशांच्या पाच लिटर पाण्याचं ४० अंशांचं सुखाचं पाणी करायचं आणि नळाचं पाणी २५ अंशांवर असेल तर विसण लागतं पावणेसतरा लिटरच्या आसपास. एकूण पाणी पावणेबावीस लिटर होतं आणि वीस लिटरची बादली वाहते. बादली केवढी हे पुस्तक सांगत नाही. ती काही उष्णता स्वतःकडे ठेवत नाही, वाफ वर जात नाही, न्हाणीघराचं दार फटीतून वारं घेत नाही, असं मानायचं असतं. त्या दिवाळीला तसं मानून चाललं नसतं.

ही मानून चालायची मुभा फार मोठी आहे. दोरीला वजन नाही, पृष्ठभागाला घर्षण नाही, भांड्यातून उष्णता जात नाही, आणि क्षेत्र तपासायला ठेवलेला प्रभार इतका लहान की त्याने कुणाला धक्का लागत नाही. या गावात कुठलीच वस्तू कुणाला त्रास देत नाही, तरी मुलं तिथे जायला घाबरतात.

विद्युत क्षेत्राच्या मोहल्ल्यात शिरल्यावर आकड्यांना धरबंधच राहत नाही. दोन बिंदुप्रभार, प्रत्येकी एक कुलोम, अंतर एक मीटर, बल काढा. पुस्तकातलं सगळ्यात सोपं गणित. उत्तर ९ अब्ज न्यूटन. मूल ते लिहितं, दोन रेघा मारतं, आणि त्याची पापणी लवत नाही. ९ अब्ज न्यूटन म्हणजे सुमारे ९ लाख टनांचं वजन. माणसांनी भरलेली बावीस डब्यांची एक्स्प्रेस हजार-बाराशे टनांची धरली, तर अशा आठ-नऊशे गाड्या एकीवर एक रचून होईल तेवढं. एका मीटरवर एक कुलोम ठेवलं तर क्षेत्र होतं मीटरला ९ अब्ज व्होल्ट, आणि कोरडी हवा साधारण ३० लाख व्होल्टला हात टेकते, ठिणगी पडते. म्हणजे ते दोन प्रभार टेबलावर मांडताच येणार नाहीत. पण गणितात ते शेजारीशेजारी शांत बसलेले असतात आणि तिसरा कुणी येऊन मधोमध क्षेत्र किती ते विचारतो.

म्हणून पुस्तकं मायक्रोकुलोम देतात, कुलोमचा दहा लाखावा भाग. मूल ‘मायक्रो’ विसरतं, दोन्ही प्रभारांना विसरतं, आणि उत्तर एक लाख कोटी पटींनी चुकतं. परीक्षक मात्र अर्धाच गुण कापतो. जगात एवढी स्वस्त चूक दुसरी नसेल.

मायक्रोकुलोम म्हणजे किती, हे मुलांना हिवाळ्यात कळतं, फक्त त्याला हे नाव आहे हे कळत नाही. डिसेंबरात पुण्यात किंवा नागपुरात ॲक्रिलिकचा स्वेटर अंगात घालून प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठा आणि दाराच्या कडीला बोट लावा. चट्‌ असा आवाज, बारीक ठिणगी, आणि तोंडातून जे निघतं ते लिहिण्याजोगं नाही. ठिणगी तीन मिलिमीटरची असेल तर तुम्ही आत्ता नऊ हजार व्होल्टवर होता. अंगावरचा प्रभार मात्र एखाद्या मायक्रोकुलोमच्या घरातला, म्हणून जीव वाचला. मुंबईकराला हा अनुभव सहसा येत नाही. तिथली दमट हवा प्रभार टिकू देत नाही. मुंबईत दोन माणसांच्या अंतरातून ठिणगी पडते ती लोकलच्या दारात, आणि तिचं कारण स्थिर विद्युत नसतं.

चिन्हांचा घोळ मात्र मुलांचा नाही, तो बेंजामिन फ्रँकलिनचा. अठराव्या शतकाच्या मध्यावर त्याने एका प्रभाराला धन आणि दुसऱ्याला ऋण म्हटलं. कुठला कोण, हे ठरवायला त्याच्याकडे काही आधार नव्हता. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तेव्हा तारेतून धावणारा गडी ऋण निघाला. तोवर पाट्या लावून झाल्या होत्या. तेव्हापासून वीज कागदावर डावीकडून उजवीकडे जाते आणि इलेक्ट्रॉन उजवीकडून डावीकडे, आणि अकरावीतलं पोर मध्ये उभं राहून दोघांना वाट देतं.

एक गणित मी मुद्दाम सोडवायला देतो. समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर सारखे तीन प्रभार, मध्यबिंदूपाशी क्षेत्र किती? बहुतेक मुलं पानभर झुंजतात. त्रिकोणाची उंची काढतात, वर्गमूळ तीन येतं, ते छेदातून घालवतात, तीन सदिशांचे घटक करतात, कोसाइन साठ, साइन तीस, आणि खाली घाम पुसत लिहितात, शून्य. दुसऱ्या विंगेतल्या एका मुलीने आकृतीकडे पाहिलं आणि म्हणाली, “काका, तिघंही सारख्याच जोरात ओढाताण करतायत, मग जाणार कुठे?” आणि शून्य लिहिलं. एक ओळ. तिला मी म्हटलं, परीक्षेत असं लिहू नकोस, पायऱ्यांचे गुण जातील. हे सांगताना मला बरं वाटलं नाही, पण गुण तिचे जाणार होते.

आता बारावीच्या पुस्तकातल्या एका गृहस्थाबद्दल बोलायला हवं. जमिनीजवळच्या हवेत, आकाश निरभ्र असतानाही, मीटरला सुमारे १०० व्होल्टचं विद्युत क्षेत्र असतं. माणूस पावणेदोन मीटर उंच धरला तर डोक्यापासून पायापर्यंत पावणेदोनशे व्होल्ट. मग घराबाहेर पाऊल टाकल्यावर शॉक का बसत नाही, असा प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात बरीच वर्षं होता. सोबत कंसात सूचना की घर म्हणजे पोलादी पिंजरा समजा, म्हणजे आत क्षेत्र नसेल. आमच्याकडच्या मुलांना ही सूचना अनावश्यक वाटते. खिडकीला ग्रिल, गॅलरीला ग्रिल, दाराला सेफ्टी डोअर आणि जिन्याला कुलूपबंद जाळी. त्यांना पोलादी पिंजरा समजावा लागत नाही, ते तिथेच जन्मले. उत्तर मात्र छान आहे. माणसाचं अंग वीज वाहून नेतं, त्यामुळे ते आणि जमीन एकाच पातळीवर येतात, भोवतालचं क्षेत्र त्याप्रमाणे बदलतं, आणि हवेतून येणारा प्रवाह नगण्य असतो.

त्याच स्वाध्यायात तो गृहस्थ भेटायचा. एका संध्याकाळी तो घराबाहेर दोन मीटर उंचीच्या विद्युतरोधी ठोकळ्यावर एक चौरस मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवतो. सकाळी उठून पत्र्याला हात लावला तर त्याला शॉक बसेल का? बसेल, कारण हवेतला तो बारीकसा प्रवाह रात्रभर पत्र्यावर प्रभार साठवत राहतो. मला उत्तरात फारसा रस नाही. मला त्या माणसाबद्दल कळायला हवं. संध्याकाळी कामावरून आल्यावर माणूस असा पत्रा का बसवतो? घरातले काय म्हणाले? आमच्या सोसायटीत त्याला आधी कमिटीची लेखी परवानगी लागली असती, आणि सकाळपर्यंत पत्रा भंगारवाल्याकडे पोचला असता. प्रभारासकट.

सूत्र घातलं, चिन्हं सांभाळली, घात जुळवले, तरी बोर्डाच्या परीक्षेत शेवटी लॉग टेबल असतंच, कारण कॅल्क्युलेटर चालत नाही. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदम छापले ते किचकट आकडेमोड सोपी व्हावी म्हणून. आपली मुलं त्याने सोपी आकडेमोड किचकट करतात. दोन त्रिक किती, हे लॉगने काढताना मी पाहिलेलं आहे. दोनाचा लॉग ०.३०१०, तीनाचा ०.४७७१, बेरीज ०.७७८१, अँटिलॉग बघा, ५.९९९. मुलाने ५.९९९ लिहिलं आणि दोन रेघा मारल्या. सहा लिहिलं असतं तर ते त्याला अंदाजपंचे वाटलं असतं.

तर पालकहो, उत्तर बरोबर आहे का हे विचारायला मुलांना माझ्याकडे पाठवू नका. उत्तरं पुस्तकाच्या मागे छापलेली असतात आणि मुलं आधी तीच बघतात. वही समोर आली की तुम्हीच एकदा आलेल्या आकड्याकडे बघा. त्यासाठी पदवी लागत नाही. आंघोळीचं पाणी गोठलेलं दिसलं, ताप उणे झाला, स्वेटरमधून आगगाड्या उचलल्या जाऊ लागल्या, तर वही परत करा. आणि उत्तरापुढे एकक लिहायला सांगा. ते राहिलं तर अर्धा गुण जातो.